तळघरातली गुरुवारची बिअर

आर्डिस प्रॉचनोने एकतीस वर्षं लिटल मार्श गावच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. चारशे पोरांचं सूप रोज तिच्या एका चमच्यावर पास किंवा नापास व्हायचं. मीठ कमी पडलंय हे तिला वाफेवरून कळायचं, आणि हाताखालची कुठली बाई आज नवऱ्याशी भांडून आलीय हे बटाट्याच्या सालींच्या जाडीवरून. अशा बाईच्या पदरात देवाने व्हर्लिन टाकला. जीभ ही फक्त बोलण्यासाठी असते, अशी व्हर्लिनची समजूत होती.

व्हर्लिनने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. सहासष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात, तो निवृत्त झाला. एप्रिलमध्ये त्याने आर्डिसच्या मसाल्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. मे महिन्यात तो तिच्या मागे उभा राहून भांडी घासण्याची सोपी पद्धत सांगायला लागला. तेव्हा तिने गाडी काढली, तालुक्याच्या गावाला गेली आणि घरी बिअर करायचं सगळं सामान घेऊन आली. हंडा, नळी, मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट, हॉप्सची कडवट सुकी फुलं, यीस्ट आणि बाटलीला बूच बसवायचं दांड्याचं यंत्र. नवऱ्याला घराबाहेर काढणं जमेना, म्हणून तिने त्याला तळघरात घातला.

पहिली बिअर व्हर्लिनने पाचव्या दिवशी बाटल्यांत भरली आणि सातव्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला नेली. पहिली बाटली उघडताच निम्मा फेस पाद्रीबाबांच्या चष्म्यावर गेला. पाद्रीबाबा सुटले, कारण त्यांच्या पोटात काहीच गेलं नाही. बाकीच्या अकरा जणांनी शिष्टाचार म्हणून ग्लास संपवले. पोटात जाऊनही ती बिअर आंबायची थांबली नव्हती. त्या हॉलला दोनच संडास आहेत. त्या संध्याकाळी कोण कोणाच्या आधी धावलं यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

व्हर्लिन मान खाली घालून तालुक्याच्या गावातल्या त्या बिअरच्या सामानाच्या दुकानात गेला. तिथल्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"घाई केलीस. बिअरला वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"अरे, माणसाने जरा धीर धरायला शिकावं," म्हातारा म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या म्हाताऱ्याने 'एक महिना' एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर पुढचं रामायण घडलं नसतं. व्हर्लिनने कुठलीही गोष्ट आयुष्यात अर्धवट केली नव्हती. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत या तळघरातली एकही बाटली उघडायची नाही."

"नऊ वर्षं?" आर्डिस म्हणाली.

"लोक वाइन ठेवतात की."

"ती वाइन आहे."

"बिअर तिची बहीणच."

"सगळ्या बहिणी सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत, व्हर्लिन."

पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. दर दोन महिन्यांनी एक हंडा चढायचा, पंचेचाळीस बाटल्या निघायच्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लागायची, तारीख पडायची आणि ती फळीवर जायची. आर्डिसच्या बीट आणि काकड्यांच्या बरण्या सरकत सरकत जिन्याखाली गेल्या. दर रविवारी चर्चहून आल्यावर व्हर्लिन टॉर्च घेऊन खाली उतरायचा, सगळ्या बाटल्या मोजायचा आणि आकडा दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहायचा. स्वतः तो वर बैठकीत बसून पेट्रोल पंपावरच्या दुकानातली, डब्यातली, सगळ्यात स्वस्त बिअर प्यायचा.

कोणी आलं आणि म्हणालं, "व्हर्लिन, चाखव की तुझी," की त्याचं उत्तर ठरलेलं. "अजून तयार नाही."

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत भयंकर उकाडा झाला. आर्डिस, व्हर्लिनची थोरली बहीण लव्हॉन आणि शेजारची मेव्हिस या तिघी दर गुरुवारी दुपारी पत्ते खेळायच्या. गुरुवार अशासाठी, की त्या दिवशी व्हर्लिन जुन्या ड्रायव्हर मित्रांबरोबर तळ्यावर मासे धरायला जायचा. त्या गुरुवारी स्वयंपाकघरात पत्ते हाताला चिकटायला लागले, म्हणून तिघींनी टेबल तळघरात नेलं. खाली गारवा होता. समोरच्या फळीवर पाच आठवड्यांची गव्हाची बिअर होती.

लव्हॉनने पत्ते खाली ठेवले. "मी त्याची मोठी बहीण आहे. लहानपणी त्याचं नाक पुसलंय मी. एका बाटलीवर माझा हक्क आहे."

"तो मोजतो," आर्डिस म्हणाली.

"मोजू दे. मोजणीत काय चव लागते?"

बाटली उघडली. तीन ग्लासांत वाटली. आर्डिसने घोट घेतला आणि शाळेतल्या सवयीने तोंडात जरा घोळवला. पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंगेची पुसट चाहूल, आणि घशाखाली उतरताना ताज्या पावासारखं काहीतरी. ज्या माणसाने बेचाळीस वर्षांत एकदाही अंडं धड उकडलं नव्हतं, त्याने हे केलं होतं.

"आर्डिस," मेव्हिस म्हणाली, "हे नऊ वर्षांनी आणखी चांगलं होणार असेल, तर मला तोवर जगायची भीती वाटते."

त्या दिवशी सहा बाटल्या गेल्या. मग तिघींना रविवारची मोजणी आठवली. तोड लव्हॉननेच काढली. ती पेट्रोल पंपावर जाऊन सहा डब्यांचा पुडा घेऊन आली. बाटली तिरकी धरून, फेस न करता, एकेक डबा एकेका बाटलीत ओतला, व्हर्लिनच्याच यंत्राने बुचं बसवली आणि बाटल्या होत्या तिथे ठेवल्या. रविवारी व्हर्लिनने मोजलं. आकडा बरोबर आला.

त्यानंतर लव्हॉन दर बुधवारी एक पुडा आणायची. पेट्रोल पंपाच्या मालकाने ते बायकोला सांगितलं, बायकोने चर्चमधल्या बायकांना, आणि महिनाभरात 'आपली एक भगिनी संकटात आहे' अशी तिच्यासाठी प्रार्थना सुरू झाली. पाद्रीबाबा दोनदा घरी येऊन गेले. लव्हॉनने दोन्ही वेळा त्यांना कॉफी पाजली आणि एका शब्दाने खुलासा केला नाही.

"भावाच्या सुखासाठी एवढं तर करावंच लागतं," ती म्हणायची.

आर्डिसला मात्र नुसतं पिऊन चैन पडेना. तिच्याकडे पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा होता. त्यात पुडिंगच्या मागे तिने एक नवा कप्पा केला आणि प्रत्येक हंड्याचं एकेक कार्ड लिहायला घेतलं. हळूहळू तिला गोष्टी समजायला लागल्या. गव्हाची बिअर पाचव्या आठवड्यात बहरते आणि तिसऱ्या महिन्यात तिचं केळं गायब होतं. साधी सोनेरी बिअर दोन महिन्यांची झाली की अशी जमून येते की बघत राहावं. सहा महिन्यांपर्यंत ती बरी असते, नंतर बोलण्यासारखं काही उरत नाही. भरपूर हॉप्स घातलेली कडू बिअर सगळ्यात नाजूक. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लव्हॉनने व्रत म्हणून बिअर सोडली, बाकी दोघींनीही सोबत म्हणून सोडली, आणि परत आल्या तेव्हा त्या बिअरचा संत्र्याच्या सालीसारखा वास उडून गेला होता. कडूपणा तेवढा मागे राहिला होता. लव्हॉनने त्या वर्षापासून व्रतात केक सोडायला सुरुवात केली.

एकदा बिटाच्या बरण्यांमागे दोन वर्षं विसरलेल्या चार बाटल्या सापडल्या. ओल्या पुठ्ठ्याची चव. मेव्हिस म्हणाली, "माझ्या सासूचा कोट. कपाट उघडलं की हाच वास."

फक्त एका बिअरला त्यांनी हात लावला नाही. त्या उकाड्याच्या वर्षीच, थंडीत, व्हर्लिनने तिप्पट माल्ट घालून काळपट, जड अशी चाळीस बाटल्या जबरी बिअर केली. दोन महिन्यांनी तिघींनी एक बाटली उघडली. खोकल्याच्या औषधात नखांचं पॉलिश कालवल्यासारखी लागली. मेव्हिसने आपला ग्लास कुंडीत ओतला. उरलेल्या एकोणचाळीस बाटल्या खालच्या फळीवर अंधारात तशाच राहिल्या.

अशी वर्षं गेली. सप्टेंबरमध्ये व्हर्लिन पंचाहत्तर वर्षांचा झाला.

वाढदिवसाला त्याने जिल्ह्याच्या बिअर मंडळातले आठ जण बोलावले. मंडळाचा प्रमुख गॉर्डी लिंडक्विस्ट. त्याच्या गळ्यात चाखायचा छोटा ग्लास दोरीने बांधलेला असायचा आणि खिशात वही. सोबत शहाऐंशी वर्षांचा हिल्मर होता, मंडळातला सगळ्यात म्हातारा, कानाने थोडा मंद आणि मनाने पूर्ण मोकळा. आर्डिसने सॉसेज भाजली, बटाट्याचं सॅलड केलं आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. तिने महिनाभर सांगायचं ठरवलं होतं आणि रोज पुढे ढकललं होतं. लव्हॉन कोपऱ्यात बसून छताकडे बघत होती.

व्हर्लिनने नऊ वर्षांची सोनेरी बिअर उघडली. सगळ्यांना ओतली. गॉर्डीने ग्लास उजेडात धरला.

"गाळ नाही," तो म्हणाला. "घरच्या बिअरला तळाशी गाळ असतोच."

"नऊ वर्षांत गाळाने हार मानली," व्हर्लिन म्हणाला.

गॉर्डीने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. आर्डिसने ओट्याची कड घट्ट धरली. गॉर्डीने डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"मी सात-आठ वर्षांचा असेन," तो म्हणाला. "वडिलांबरोबर होडीत बसलोय. हातात गळ आहे. त्यांच्या ओठांना, त्यांच्या सदऱ्याला हाच वास. व्हर्लिन, यात ते सगळं उतरलंय."

ते उतरणारच होतं. गॉर्डीचे वडील जन्मभर तीच डब्यातली बिअर प्यायले होते.

लव्हॉनला ठसका लागला आणि ती बाहेर गेली.

"नऊ वर्षं," गॉर्डी वहीत लिहीत म्हणाला, "आणि काल भरल्यासारखी ताजी. मी असं कधी पाहिलं नाही."

व्हर्लिनने स्वतः घोट घेतला आणि समाधानाने मान हलवली. "आपल्या हातची चव. ओळखीची वाटतेच."

पुढचे तीन आठवडे आर्डिसला वेड लागायचं बाकी राहिलं. तळघर बघायला माणसं यायला लागली. एकाने उंबऱ्यापासून फळीपर्यंत टेपने मापं घेतली. एकाने भिंतीतला दगडाचा टवका मागून नेला. व्हर्लिनलाही स्वतःची मतं फुटली. बाटल्यांची तोंडं उत्तरेला हवीत. खाली जाताना बूट काढावेत. रविवारच्या मोजणीने बिअरला शिस्त लागते. मंडळाच्या ऑक्टोबरच्या सभेत त्याचं भाषण ठरलं. विषय होता, 'धीर'.

हे सगळं आर्डिसने पचवलं असतं. पण एका सकाळी हिल्मरचा फोन आला.

"व्हर्लिनला सांग, त्याचं ऐकलं मी," तो म्हणाला. "परवा गव्हाची बिअर भरली. बारा वर्षांची म्हणून चिठ्ठी लावली. पोराला सांगून ठेवलंय, मध्ये कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा."

आर्डिसने फोन ठेवला. शहाऐंशी आणि बारा किती होतात याची तिने बेरीज केली. मग पत्र्याचा डबा काढला आणि व्हर्लिन नाश्ता करत होता तिथे टेबलावर ठेवला.

"व्हर्लिन, तू वाढदिवसाला जी पाजलीस ना, ती पेट्रोल पंपावरची होती."

"कुठली?"

"सगळी. खालच्या फळीवरची काळी सोडून. तुझी आम्ही प्यायलो. मी, लव्हॉन आणि मेव्हिस. दर गुरुवारी."

व्हर्लिनने टोस्ट खाली ठेवला. "आणि बाटल्या?"

"भरून ठेवायचो."

"बुचं?"

"तुझंच यंत्र."

तो उठला आणि खाली गेला. बाटल्या उघडल्याचे आवाज आले. एक, दोन, पाच, सात. पंधरा मिनिटांनी तो वर आला आणि खुर्चीत बसला. आता आरडाओरडा होईल म्हणून आर्डिसने खिडकी लावून घेतली होती.

"लव्हॉनला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कल्पनाच तिची."

"आणि गावाने तिच्यासाठी प्रार्थना केल्या. मी स्वतः दोन वर्षं गुडघ्यावर बसलोय तिच्यासाठी."

"माहिताय मला. तिलाही वाईट वाटायचं. थोडंसं."

व्हर्लिनने टेबलावरचा डबा जवळ ओढला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्याने हळूच विचारलं, "कशी होती?"

"काय?"

"माझी बिअर. मी कधी प्यायलोच नाही ना."

नऊ वर्षांत आर्डिसला सगळ्या शिक्षा सुचल्या होत्या, हा प्रश्न सुचला नव्हता. तिने डब्यातून पहिलं कार्ड काढलं, चष्मा लावला आणि वाचायला लागली.

"गव्हाची. पाच आठवडे. केळं, लवंग, ताजा पाव. मेव्हिस म्हणाली, देवाने जग घडवताना सहाव्या दिवशी हीच केली असणार. सोनेरी. सात आठवडे. मधाचा वास, शेवट कोरडा. लव्हॉन दोन प्यायली आणि तिने मनापासून गाणं म्हटलं. गाणं वाईट, बिअर उत्तम. तांबूस. दोन महिने. भाजलेल्या पावाची कड. याहून चांगलं व्हर्लिनने काही केलेलं नाही, आपलं लग्न धरून."

"असं लिहिलंयस?"

"त्या आठवड्यात आपलं भांडण झालं होतं."

त्रेपन्न कार्डं होती. व्हर्लिनने सगळी ऐकली. मध्ये दोनदा "ती पुन्हा वाच" म्हणाला. अठ्ठाविसाव्या कार्डाला कॉफी गार झाली, चाळिसाव्याला तो हसायला लागला, आणि शेवटच्या कार्डाला त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं.

"तू मला एकदा तरी सांगायचंस, आर्डिस."

"कितीदा म्हटलं, चल, एक उघडू. तू म्हणायचास, अजून तयार नाही."

त्याने दुपारी जाऊन दाराच्या चौकटीवरचे सगळे आकडे खरवडून काढले, आणि संध्याकाळी लव्हॉनकडे जाऊन तिच्याशी पाऊण तास भांडला. परत येताना तिने त्याला बटाट्याचं अर्धं सॅलड बांधून दिलं.

सभेला व्हर्लिन गेला. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. आर्डिस शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली. व्हर्लिन उभा राहिला आणि म्हणाला, "मी भाषण देणार नाही. वाढदिवसाला तुम्ही प्यायलात ती पेट्रोल पंपावरची बिअर होती. माझ्या बायकोने माझी चांगली बिअर वेळेवर पिऊन टाकली. कधी प्यावी हे मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. आता ती बोलेल."

गॉर्डीचा चेहरा बिटासारखा झाला. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "गॉर्डी, तुझ्या वडिलांची होडी कुठल्या पंपावर लागायची?" आणि मग हसण्याचा जो पूर आला, तो ओसरायला पाच मिनिटं लागली.

आर्डिसने कार्डं वाचली. शाळेच्या जेवणाची सूचना द्यावी तशा सपाट आवाजात. हलकी बिअर असेल तर दोन-तीन महिन्यांत संपवा. हॉप्सचा वास हवा असेल तर त्याहून लवकर. गार जागी, अंधारात, उभी ठेवा. सहा महिन्यांपुढे तिच्याकडून आशा ठेवू नका. माणसं वह्यांत लिहून घेत होती.

शेवटी व्हर्लिनने काळ्या बिअरच्या बाटल्या काढल्या. "ही एक खरंच आठ वर्षांची आहे. कोणाला आवडली नाही म्हणून वाचली. कशी असेल ते मलाही ठाऊक नाही."

"ही तरी कोणी भरलीय?" गॉर्डीने विचारलं.

"आम्ही एक बाटली उघडली आणि कुंडीत ओतली," आर्डिस म्हणाली. "तेवढीच."

ओतताना ती पातळ मधासारखी उतरली. आर्डिसने घोट घेतला. खोकल्याचं औषध कुठेच नव्हतं. मनुका, जळायच्या आधी उतरवलेली साखर, भिजवलेलं अंजीर, आणि मागाहून छातीत हळूहळू पसरणारी ऊब. तिने व्हर्लिनकडे पाहिलं. तो ग्लास दोन्ही हातांत धरून, डोळे विस्फारून उभा होता. पंचाहत्तराव्या वर्षी त्याला पहिल्यांदा स्वतःच्या हातची चव कळत होती.

"तिला वेळच हवा होता," आर्डिस म्हणाली. "जड होती ना. जड असेल ती ठेवावी, हलकी असेल ती प्यावी."

गॉर्डीने ग्लास पुढे केला आणि आणखी मागितली, यातच सगळं आलं.

हिल्मर दोन ग्लास प्यायला, मग आर्डिसकडे वाकून म्हणाला, "म्हणजे माझी गव्हाची कधी उघडू?"

"किती दिवस झाले?"

"चौथा आठवडा लागलाय."

"येत्या गुरुवारी उघड. आम्ही येतो."

त्या गुरुवारी चौघं त्याच्या घरी गेली. व्हर्लिन मासे सोडून आला. हिल्मरची बिअर ठीकच होती, केळं जरा जास्त झालं होतं. पण तो एवढा खूश झाला की कोणी बोललं नाही. व्हर्लिनला पत्ते खेळता येत नाहीत हेही त्या दिवशी सगळ्यांना समजलं, आणि तरी त्याला दर गुरुवारी खुर्ची मिळाली. पेट्रोल पंपाच्या मालकाच्या बायकोने लव्हॉन सुधारल्याची बातमी चर्चमध्ये सांगितली. टाळ्या झाल्या. लव्हॉनने उठून वाकून नमस्कार केला.

गॉर्डी हरणांच्या शिकारीचा हंगाम संपेपर्यंत कोणाशी बोलला नाही. डिसेंबरमध्ये त्याने निरोप पाठवला, मंडळासाठी कार्डांची प्रत मिळेल का. आर्डिसने चार दुपारी बसून सगळी कार्डं आपल्या गोल अक्षरात उतरवून दिली. घाईत त्यात गाजर घातलेल्या लिंबाच्या जेलीचंही एक कार्ड गेलं. गॉर्डीने ती अगदी तंतोतंत केली, चार दिवस तळघरात मुरवली, जानेवारीच्या सभेत सगळ्यांना छोट्या ग्लासांतून वाढली आणि वहीत शेरा लिहिला: 'अंगाने दाट. गाळ गाजराचा. आणखी ठेवू नये.'